धाकू कंडक्टरचं वझें

धाकूला मी ओळखत होतो असं म्हणायला मला संकोच वाटतो. तो पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या सकाळच्या बसचा कंडक्टर आणि मी म्हापशातल्या एका कचेरीत कारकून. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडून तिकीट घेतलं, पण त्याचं आडनाव मला कळलं ते त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून. त्याची बायको कशानं गेली हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. बस डेपोला लागल्यावर तो कोणाशी बोलायचा, देवाकडे काय मागायचा, काही ठाऊक नाही. वाचनालयाच्या अंकासाठी घरगुती जेवणावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मला लिहिण्याची सवय नाही. मग लक्षात आलं की मला जे दोन-चार पदार्थ येतात ते सगळे धाकूकडून आलेले. तेव्हा त्याच्याबद्दलच लिहावं. कुठे चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बायको गेली तेव्हा धाकूची मुलगी भाग्यलक्ष्मी, म्हणजे भागी, शाळेतही जात नव्हती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं आणि धाकूला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. म्हणून तो बसमध्येच स्वयंपाक शिकू लागला. तिकीट फाडता फाडता तो प्रत्येक बाईला विचारायचा, "आज काय रांदलास गो?" नवीन बाई दचकायची. रोजच्या बायका मात्र सांगायच्या. धारगळला चढलेली बाई फोडणी सांगायची, कोलवाळला चढलेली तीत चूक काढायची, आणि म्हापसा येईपर्यंत एखादी आमटी शिजून व्हायची.

या सगळ्यांत पुढे असायची ती जानकीमावशी. ती भाजीच्या पाट्या घेऊन म्हापशाच्या बाजाराला जायची. शुक्रवारी तर तिच्या पाट्यांमुळे पाय ठेवायला जागा नसे. ती धाकूवर सारखी खेकसायची. तिच्या खेकसण्याकडे कोणी लक्ष देत नसे, कारण उतरताना ती त्याच्या चामड्याच्या पिशवीत हळूच चार मिरच्या, एखादं तवसं, म्हणजे काकडी, कोंबायची.

धाकूची खासियत अशी की तो आपली फजितीच जास्त सांगायचा. कुळथाची पिठी त्यानं पहिल्यांदा केली तेव्हाची गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली असेल.

"सुकां पीठ टाकलंस? उकळत्या पाण्यात?" जानकीमावशी दर वेळी नव्यानं ओरडायची.

"मगे खंय टाकूचा? खिशात?"

"गुठळ्यो झाल्यो असतल्यो!"

"झाल्यो मगे. लिंबाएवढ्यो. भागीक सांगितलंय, बाय, हे पिठयेतले वडे."

"आणि खाल्ल्यान तिणां?"

"खाल्ल्यान. पुढच्या खेपेक पीठ नीट कालवून केलंय, तर भागी रडूक लागलां. वडे खंय म्हणून. आता मी मुद्दाम गुठळ्यो करतंय."

सगळी बस हसायची. मी खिडकीबाहेर बघत हसायचो.

मी करतो ती पिठी बिनगुठळ्यांची. कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात पातळ कालवून ठेवायचं. तेलात भरपूर ठेचलेली लसूण लाल होऊ द्यायची, मग कांदा आणि हिरवी मिरची. पाणी घालून उकळी आली की मीठ आणि तीन-चार सोलं, म्हणजे आमसुलं, आणि कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडत ढवळत राहायचं. धाकू म्हणायचा, त्या वेळी दारात कोणी आलं तरी "कोण तो?" एवढंच विचारावं, उठू नये. गरम भातावर घ्यायची. पावसात भिजून आल्यावर याहून जास्त काही लागत नाही.

पेज करायलाही त्यानंच शिकवलं. माझी आई गेल्यावर मी घरी एकटाच होतो. रात्री पाव आणि चहा घेऊन झोपायचो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस तिकीट देता देता धाकू माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "नारायणबाब, पट्टो आनीक एक भोक भितर गेलो. रात्री काय जेवतास?"

मी काहीतरी पुटपुटलो. माझ्या पोटाकडे सगळ्या बसचं लक्ष गेलेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच संध्याकाळी मी उकडे तांदूळ आणले. मूठभर तांदूळ, सढळ पाणी, मंद जाळ. भात फुलला की झाकून विसरून जायचं आणि मीठ शेवटी घालायचं. तोंडी लावायला खारातला आंबा, तोही नुसता नाही, मिरचीबरोबर चुरडून वर खोबरेल तेलाचा थेंब. घरात सुका बांगडा असला तर चुलीत भाजून घ्यायचा. पहिल्याच रात्री मी दोन वाडगे प्यायलो. दुसऱ्या दिवशी धाकूनं काही विचारलं नाही, नुसतं पट्ट्याकडे बघितलं.

ती वर्षं भाषेच्या वादाची होती. मराठी की कोकणी यावरून बसमध्ये रोज तोंडं वाजायची. कधी कधी वाटायचं की आता हातघाईवर येणार. अशा वेळी धाकू मध्ये उभा राहून म्हणायचा, "दोघांकय तिकीट सारख्याच पैशांचा पडता. आता माका एक सांगा, बांगड्याच्या हुमणात सोलां घालूची काय बिंबलां?" माशाच्या आमटीत आंबटाला काय घालावं यावरून आणखी मोठं भांडण व्हायचं, पण त्या भांडणातून कोणी रागावून उतरलं नाही. पुढे गोवा राज्य झालं. त्या सकाळी बसमध्ये पेढे वाटले गेले. धाकूनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "राज्य झालां ता बरां झालां. नारळ स्वस्त होतलो काय?"

त्याच उन्हाळ्यात भागीचं लग्न झालं. मुलगा सुदेश डिचोलीकडच्या मुळगावचा, खाणीवरची यंत्रं दुरुस्त करायचा. माणसं चांगली होती. सासू पद्मावती थोडं बोलणारी, पण मायेची. बोलणी झाली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "चेडवाक आवय ना. चवथीचां वझें तुमी करू नकात, धाकूबाब. आमकां काय नको."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चेडू म्हणजे मुलगी, आवय म्हणजे आई. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुलीच्या माहेराहून सासरी वझें जातं. नारळ, फळं, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान, लाडू आणि मुख्य म्हणजे नेवऱ्या. तुम्ही त्यांना करंज्या म्हणता. ते वझें शेजारच्या बायकांसमोर उघडतात, गणपतीपुढे मांडतात आणि मग घरोघर वाटतात. कुणाचं वझें कसं होतं हे वाड्यावर, म्हणजे सगळ्या वस्तीत, वर्षभर बोललं जातं. पद्मावतीबाईंनी चांगल्या मनानं नको म्हटलं होतं. धाकूला मात्र ते लागलं. वाड्यावर सगळ्या सुनांची वझीं येणार आणि आपल्या मुलीचं येणार नाही. म्हणजे तिला माहेरच नाही असं होणार.

"आमी बायलो मिळून करतो," जानकीमावशी म्हणाली. "तू फकत नेऊन पावय."

"तुमी केलास तर ता तुमचां वझें. भागीच्या घरचां खंय?"

"मग बाजारातसून घे. म्हापशात दुकानां कमी आसत काय?"

"दुकानातली नेवरी बायलो वासावरसून वळखतत, मावशे. तूच सांगितलंस माका."

मग पंधरवडाभर बसमध्ये नेवऱ्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. प्रत्येक बाईनं आपल्या घरची रीत सांगितली. जानकीमावशी म्हणाली, गूळच हवा, साखरेची नेवरी म्हणजे सरकारी. धारगळची बाई म्हणाली, ओलं खोबरं हवं. कोलवाळची म्हणाली, तीळ आणि खसखस भाजून घाल. कोणी सुंठ, कोणी चण्याची डाळ. धाकू सगळ्यांना "बरां, तशीच करतंय" म्हणत गेला. मला त्या वेळीच थोडी शंका आली होती, पण स्वयंपाकात मी कोण बोलणार.

वझें घेऊन बापानं एकट्यानं जाऊ नये, बरोबर एखादं घरोब्याचं माणूस असावं. त्यानं मला विचारलं. माझ्यासारख्याला घरोब्याचा म्हटलं याचंच मला एवढं वाटलं की मी लगेच हो म्हणून बसलो. चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी पोचलो. स्वयंपाकघरात धूर होता आणि कढईत नेवऱ्या फुटत होत्या. एकामागून एक. धाकूनं रोजच्या कुठल्याही बाईचं मन मोडायचं नाही म्हणून सगळ्यांचं सांगणं एकाच सारणात घातलं होतं. ओल्या खोबऱ्यात गूळ, गुळाला सुटलेलं पाणी, त्यात डाळ आणि तीळ. तेलात पडली की नेवरी तोंड उघडून सगळं ओकत होती. जेमतेम मूठभर धड राहिल्या होत्या, बाकी सगळ्या परातीत फुटक्या.

धाकू पाटावर बसून राहिला होता. त्याचा चेहरा मी बघू शकलो नाही.

"पुन्हा करायला वेळ आहे का?" मी विचारलं.

"पीठ ना. गूळ ना. म्हापशासून डिचोलीची बस चुकली तर पावूकच ना."

मी सुचवलं, धड असलेल्या वर रचू आणि फुटक्या तळाला घालू. मला तेवढंच सुचलं.

त्यानं मान हलवली. "नारायणबाब, माझ्या चेडवाक थंय अख्खो जल्म काढूचो आसा. पयल्याच दिसा बापान फटवला, असां कोणी म्हणूक नको." आणि त्यानं हाताला येतील तशा नेवऱ्या पाटीत भरल्या. फुटक्या वर आल्या तर वर.

मुळगावला पोचलो तेव्हा घरात गणपती आणून ठेवला होता. माटोळी बांधायचं काम चाललं होतं. ओसरीवर शेजारच्या सात-आठ बायका बसल्या होत्या. भागी आतल्या दारात उभी होती. मला वाटलं, पाटी ठेवून आपण परत फिरावं. पद्मावतीबाईंनी पाटीवरचं फडकं काढलं.

फुटक्याच वर आल्या होत्या. मग एक म्हातारी पुढे वाकली आणि म्हणाली, "अगो, ह्यो नेवऱ्यो की खाणीत फुटलेले सुरुंग?"

दोघी-तिघी पदरात हसल्या. धाकू, जो सगळ्या बसला गप्प करायचा, तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा भागी दारातून म्हणाली, "बाबान केल्यात. सगळ्यो तेणांच." नवी सून चारचौघींत अशी बोलत नाही. पण तिचे शब्द स्वच्छ आले.

पद्मावतीबाईंनी एक नेवरी उचलली. चांगली निवडून नाही, वरचीच, तोंड उघडलेली. मखराकडे हात करून त्या म्हातारीला म्हणाल्या, "मावशे, थंय बसला तेचो दात बघ. तोय मोडकोच. तेका चलतत." आणि ती नेवरी त्यांनी गणपतीपुढच्या केळीच्या पानावर नेऊन ठेवली. "उद्या पयलां ताट ह्याच. मग वाड्यार वाटतलंय."

म्हातारीच आधी हसली. मग सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं.

चहा घेताना पद्मावतीबाईंनी हे असं कसं झालं ते विचारलं आणि धाकूची जीभ एकदम सुटली. धारगळची बाई, कोलवाळची बाई, जानकीमावशी, सगळ्यांची नक्कल करून त्यानं सांगितलं.

"विचारूचा तर एकाच बायलेक विचारूचा, धाकूबाब," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"आणि बाकीची रागान उतरली तर? आमची बस रिकामी धावतली."

आमच्यापुढेही दोन-दोन नेवऱ्या आल्या. देवाच्या बाजूला काढून उरलेल्यांतल्या. चव, खरं सांगायचं तर, फार बरी नव्हती. एकमेकांची ओळख नसलेले पाहुणे एका खोलीत बसावेत तसं ते सारण होतं. भागी मात्र दारामागे उभी राहून खात होती. किती खाल्ल्या मी मोजलं नाही.

पुढे माझी बदली फोंड्याला झाली आणि ती बस सुटली. धाकूनंही काही वर्षांनी कंडक्टरकी सोडली, असं ऐकलं. गेल्या वर्षी तो गेल्याचं मला उशिरा कळलं, भेटायला जाणंही झालं नाही. आमची शेवटची भेट बरीच जुनी, म्हापशाच्या बसस्टँडवरची. चवथ जवळ आली होती. डिचोलीच्या बसच्या दाराशी तो नारळांचं पोतं घेऊन उभा होता. म्हणाला, आता दर वर्षी असंच चालतं. पद्मावतीबाई त्याला दोन दिवस आधी बोलावतात, नेवऱ्या त्यांच्याच चुलीवर होतात. तो नारळ खवायचा, भागी लाटायची आणि तेलाजवळ सासू त्याला येऊ देत नसे. "सारणात हात घालूक मना केल्यान," तो सांगत होता आणि त्याला त्याचं कौतुकच वाटत होतं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आम्ही दोघांनी पोतं उचलून बसमध्ये चढवलं.

"थोडां भितर सरकवा," तो म्हणाला.

"सरकवलं."

"कोणाच्या पायाक लागना मगे?"

"नाही. सीटखाली गेलं."