आमेन होईपर्यंत

आमच्या मंडळीत प्रार्थनेला सगळेच डोळे मिटत, एकट्या वॉचमन मावशी मिटत नसत. पाळकसाहेब "चला, प्रार्थना करू या" म्हणाले की चर्चमधली सगळी डोकी एकदम खाली जात आणि या तेवढ्या ताठ बसून, चष्मा वर सारून, एकेक बाक न्याहाळत राहत. मिशनच्या शाळेत त्यांची अख्खी नोकरी गेली होती आणि परीक्षेच्या हॉलवर सुपरविजनला दरवर्षी त्याच असत. खाली घातलेल्या डोक्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. "वॉचमन" हे नाव आम्हीच तरुणपणी त्यांना ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "वॉचमनले पगार तरी भेटते."

त्या दिसायला साध्या, बोलायला मात्र चिंचेसारख्या. कुणाची साडी फार भारी, कुणाचा डबा फार हलका, सगळं त्यांना दिसे आणि दिसलं की त्या बोलत. उपासना सुटली की दाराशी उभ्या राहून एखाद्या वडीलधाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलकडे बघत त्याला हळूच विचारत, "काय गा, किती झाला स्कोर?"

"कसला स्कोर, मावशी? मी प्रार्थनेत होतो."

"तू होता ना. तुया अंगठा नव्हता."

एकदा पाळकसाहेबांनीच धीर करून विचारलं, की मावशी, डोळे मिटले तर काय बिघडेल? मावशी म्हणाल्या, "येशूले धरून नेलं त्या रात्री बागेत शिष्य डोळे मिटूनच होते. मंग काय झालं, ते तुम्हीच दरवर्षी सांगता."

पुढे आमच्याकडे तीन दिवसांचं शिबिर झालं. विषय होता ख्रिस्ती जीवनाचा हेतू. बाहेरगावचे वक्ते आले होते, स्टेजवर पडदा होता, जेवणात गोड होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आपल्या जीवनाचा हेतू सांगायचा होता. कुणी राष्ट्रांना आशीर्वाद देणार होतं, कुणी पिढी घडवणार होतं. मी तर इतकं बोललो की माझ्या हेतूतलं आता मलाच काही आठवत नाही. मावशींची पाळी आली. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी नळ आले की शेजारणीचं पाणी भरून द्यायचं आहे. तिचं धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. परवाचं परवा पाहू." टाळ्या वाजल्या नाहीत. वक्ते समजुतीने हसले आणि त्यांनी माइक पुढे दिला.

आता माझं सांगतो. मी घरात मोजकं बोलणारा माणूस. लोकांना तो सौम्यपणा वाटतो, शीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो वेगळा वाटायचा. पण प्रार्थनेला उभा राहिलो की मला थांबवणं कठीण. मंडळीत माझ्या प्रार्थनेचं नाव होतं. कुणाचं घरभरणं असो, कुणाची बारावी असो, मला बोलावणं असे. शीला एकदा म्हणाली होती, "देवाशी बोलता त्यातलं उरलंसुरलं माझ्याशी बोलत जा." ती थट्टा करते आहे असं मी धरून चाललो, कारण ते सोयीचं होतं.

त्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला. ती अंथरुणाला खिळली आणि तिचं सगळं शीलाकडे गेलं. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, रात्रीच्या हाका. माझ्याकडे काय आलं? तर आईसाठी आमच्या घरी दर शुक्रवारी प्रार्थनासभा ठेवण्याचा विचार आला. म्हणजे दर शुक्रवारी वीसेक माणसांचा चहा आणि चिवडा, तोही शीलाकडेच.

अशाच एका शुक्रवारी मी प्रार्थना करत होतो. आईसाठी करून झाली आणि मग मी आईची सेवा करणाऱ्या हातांसाठी सुरू केली. प्रभू, या हातांना बळ दे. गरुडाच्या पंखांचं बळ दे. खडकाचं बळ दे. बळाचे प्रकार आठवत आठवत मी बराच लांब गेलो. तेवढ्यात कुठूनशी बारीक किणकिण ऐकू येऊ लागली. अगदी नाजूक, थरथरती. माझ्या अंगावर काटा आला. मी आवाज चढवला. किणकिण वाढली. खोलीतून "हालेलुया" आलं. मग ती एकदम थांबली, आणि उत्तर मिळालं अशा खात्रीने मी आणखी बराच वेळ आभार मानून आमेन म्हटलं.

पाळकसाहेबांचे डोळे भरले होते. "कुणी ऐकलं का?" ते म्हणाले. "जशा लहान लहान घंटा वाजत होत्या."

"कपबश्या होत्या त्या, पाळकसाहेब," मावशी म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दाराशी हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या खुर्चीत शीला बसली होती, मान एका बाजूला टाकून गाढ झोपलेली. मी सुरुवात केली तेव्हाच ती चहा घेऊन आली होती आणि रिवाजाप्रमाणे दारातच थांबली होती, आमेन होईपर्यंत. वीस कपांचं ओझं घेऊन. मी तिच्या हातांसाठी बळ मागत होतो तो सगळा वेळ.

"झोपू दे तिले," मावशी म्हणाल्या. "अन् तू चहा दे सगळ्यायले. बळ असन तर."

आता जे लिहितो ते शीलालाही अलीकडेच सांगितलं. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो राग. चार लोकांत माझी प्रार्थना कपबश्यांवर आणून ठेवली, याचा. मी चर्च कमिटीत तक्रार केली की मावशींच्या वागण्याने प्रार्थनेचं पावित्र्य भंगतं. कमिटीने गंभीर चेहरे केले, त्याही कामाची सुरुवात प्रार्थनेनेच केली आणि मावशींना पुढच्या बाकावरून उठवून शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं. मावशी मुकाट्याने मागे गेल्या. बसताना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. मागून जास्त दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात हजर.

"आईची कूस कोण बदलते?"

"शीला."

"रात्री?"

"शीलाच. मी पहाटे उठून प्रार्थना—"

"तक्रार तूच केली ना कमिटीत?"

मी त्यांना आत या म्हटलं.

"चांगलं केलं. आता पलंग भिंतीपासून सरकव."

त्या सकाळी त्यांनी माझ्याकडून आईचं अंग पुसून घेतलं. स्वतः बोटही लावलं नाही. खुर्ची टाकून बसल्या आणि परीक्षेच्या हॉलसारख्या बघत राहिल्या. "पाणी कोमट घे. पाठ राहिली. हात काहून कापून राहिला रे? त्या शुक्रवारी तर लय बळ मागत होता." माझी आई, जिचं निम्मं तोंड चालत नव्हतं, ती उरलेल्या निम्म्याने हसली. शीला आतल्या खोलीत दुपारपर्यंत झोपली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तिला महिन्याभरापूर्वी झोपच लिहून दिली होती. मी त्यावर एक दिवसाचा उपास धरला होता. ते ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "उपास तुया, झोप तिची. हे गणित कोण्या शाळेतलं गा?"

त्या रोज येत राहिल्या, माझ्या हाताला वळण लागेपर्यंत. मग एक दिवस आल्या नाहीत. निरोप आला की नापास होणारं दुसरं पोरगं सापडलं आहे, कन्हानला. ते पोरगं चांगलं साठीचं होतं आणि त्याची बायको डायलिसिसवर होती. आई पुढचा उन्हाळा संपता संपता गेली, तोवर रात्रीच्या हाका माझ्या होत्या. शुक्रवारची सभा मी बंद केली. माझ्या प्रार्थनेचं नाव होतं ते हळूहळू विरलं. पुष्कळांना वाटलं, याचा विश्वास थंडावला.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. नरखेडहून त्यांचे भाचे आले होते. चौघांनी पेटी उचलून खांद्यावर घेतली, पावलं टाकणार एवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "जरा थांबा. निघण्याआधी प्रार्थना करू या." आणि जुन्या सवयीने माझं नाव घेतलं.

सगळी डोकी खाली गेली. मी डोळे उघडे ठेवले. पुढच्या भाच्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मागच्याचा गुडघा थरथरत होता. समोर शीला उभी होती, तिचेही डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. काय बोलतो हा, किती बोलतो.

"प्रभू," मी म्हणालो, "मावशी तुझ्याकडे येऊन राहिल्या आहेत. आमेन."

भाचे चालू लागले. शीला निघाली, तिच्यामागे मी. फाटकाबाहेर जाऊन वळून पाहिलं तर अर्धी मंडळी अंगणात तशीच उभी होती, डोळे मिटून, माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत.