पडद्यामागचा खोकला

अब्दुल्लाभाई कुवेतहून कायमचे परत आले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद साबिराला झाला. नवरा आला म्हणून तर झालाच. पण त्याहून जास्त, बदली माणूस आला म्हणून. लग्न झाल्यापासून पनवेलचं ते घर ती एकटी ओढत होती. तिच्या आईनंही तेच केलं, आजीनंही. नाव बापाचं, घर आईचं. अब्दुल्लाभाई सुट्टीवर यायचे, अत्तर नि चॉकलेटं वाटायचे, पाहुणचार घेऊन जायचे. नळवाला असो, दिराचं भांडण असो, सगळ्यांना उत्तर एकच: "अम्मीला विचारा."

पोरींची ही अम्मी, म्हणजे साबिरा, आता पार थकली होती. धाकट्या नाझियाला रोडपालीहून स्थळ आलं, तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं, "आज बोलणार तुम्ही. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

बाहेर पुरुष, आत बायका, मधे पडदा, ही त्यांच्याकडची रीत. थोरल्या लेकीच्या वेळी बाहेर साबिराचा भाऊ बसला होता. आतून साबिराचा खोकला आला की तो मुकाट्यानं विषय बदलायचा. मोहल्ल्यात हे सगळ्यांना ठाऊक, फक्त कुवेतपर्यंत पोचलं नव्हतं.

"निकाह एप्रिलमध्ये उरकू या?" मुलाच्या चाचांनी विचारलं.

"उरकू या की!" अब्दुल्लाभाई म्हणाले.

एप्रिलमध्ये नाझियाची बीएची शेवटची परीक्षा. मुलगी कॉलेजात जाते एवढंच बापाला माहीत. आत नाझियानं अम्मीचा हात घट्ट धरला. साबिरानं ओठ आवळले. बोलायचं नाही म्हणजे नाही. पण खोकायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?

ती खोकली.

चाचा मुरलेले. त्यांनी सरळ खुर्चीच पडद्याकडे फिरवली. "बोला भाभी, मग कधी?"

"मे अखेरीस," पडदा म्हणाला. "पोरीची परीक्षा होऊ दे."

पाहुणे गेले आणि साबिरा दिवाणावर कोसळली. अब्दुल्लाभाई रागावले नव्हते, उलट सुटल्यासारखे दिसत होते. "बरं झालं खोकलीस! मला तर घामच फुटला होता."

"एक दिवस सांभाळायला दिला होता तुम्हाला."

"शिकव ना मला, हळूहळू."

"म्हणजे तेही मीच करू?"

अब्दुल्लाभाई ओशाळून चहा करायला गेले. आतून हाक आली, "साबिरा, साखर कुठाय?"

साबिरा बोलली नाही. खोकलीही नाही. नुसती डोळे मिटून पडून राहिली.

बऱ्याच वेळानं चहा आला, बिनसाखरेचा. तिनं तो साखरेसाठी दिवाणावरून न उठता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.