सुट्टीवर गेलेला मयेकर

चौऱ्याऐंशीच्या सुमारास आमची बटालियन सिक्कीममध्ये होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. लान्स नाईक यशवंत मयेकर माझ्या हाताखाली स्ट्रेचर-बेअरर. वेळणेश्वरकडच्या मच्छीमाराच्या घरातला. त्या वर्षी दोघांना एकदमच सुट्टी मिळाली. तो गावी गेला, मी रत्नागिरीला घरी.

आठवड्याने त्याची बायको सुलभा माझ्या दारात उभी. "भावजी, चला लवकर. ह्यांना इथल्या दवाखान्यात आणलाय."

भावाची होडी ओढताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या पायात घुसला होता. हळद दाबून तो तसाच हिंडला. मी पोचलो तेव्हा पाय मांडीपर्यंत काळानिळा, हात गार, ब्लडप्रेशर साठ.

"उस्ताद, तुमची सुट्टी खराब केली," तो म्हणाला.

आयसीयू म्हणजे चार खाटांची खोली. डॉक्टरांनी पाय चिरून सडलेला भाग काढला. सलाईन, अँटिबायोटिक, प्रेशर वाढवायला डोपामाइन चालू झालं. पण दुपारी सुया टोचलेल्या जागांतून रक्त झिरपू लागलं, मग हिरड्यांतून. मी ड्रेसिंग बदलायचो, ते लगेच भिजायचं. मला एका जागी उभं राहवेना.

"बोटं काळी पडतायत, म्हणजे आत रक्त गोठतंय," मी डॉक्टरांना विचारलं. "मग बाहेर का थांबत नाही?"

"जंतूंमुळे अंगभर बारीक गुठळ्या होतायत. रक्त गोठवणारे घटक त्यातच संपले. ताजं रक्त हवं. आत्ता."

सुलभा म्हणाली, "मुंबयला न्या ना ह्यांना."

"वहिनी, हलवला तर घाटातच जाईल," मी म्हणालो.

ती पदर खोचून बंदरावर गेली आणि टेम्पोभर खलाशी घेऊन आली. "ह्यातलं कोणाचं चालतं बघा," म्हणाली.

रक्त चढलं. संध्याकाळपर्यंत झिरपणं कमी झालं, प्रेशर नव्वदवर आलं. यशवंतने पेज मागितली. मी पहिल्यांदा स्टुलावर बसलो.

सकाळी त्याला धाप लागली. लघवी बंदच होती. प्रेशर पुन्हा कोसळलं, मग नाडी लागेना. मी छाती दाबत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

"हवालदार, थांबा."

मी हात काढले.

मृत्यू सुट्टीतला, त्यामुळे बटालियनच्या स्मारकावर यशवंतचं नाव नाही. आमच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात दरवर्षी सगळे उभे असताना स्मारकावरची नावं वाचतात. वाचून झालं की मी सावधान उभा राहून म्हणतो, "लान्स नाईक यशवंत मयेकर." पहिल्या वर्षी बरेचजण तोवर बसले होते. आता ते नाव होईपर्यंत कुणी बसत नाही.