जामीनदाराची सही

वाचनालयाचं पुस्तक मी गव्हाच्या कोठीत लपवलं, आणि दुसऱ्या दिवशी आईनं त्याच्यावर दोन पोती गहू ओतला.

हसा. ही गोष्ट मी स्वतःही हसत सांगतो — पण इथपर्यंतच. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रांना माझ्या एकूण एक फजित्या पाठ आहेत त्यांनाही नाही. एवढा बडबड्या माणूस मी, मग हीच एक गोष्ट अर्ध्यावर का थांबवतो? तेच सांगायला बसलोय.

तुमच्या घरात शाळकरी मूल असेल तर माझी ती कादंबरी कदाचित पाहिली असेल. एक नगर आहे, तिथली सगळी पुस्तकं दगडी कपाटांत बंद. कपाट उघडायचं तर तुमच्या मागं कुणीतरी उभं राहून खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘मी हिच्यासाठी उभा आहे.’ एका मुलीसाठी कुणीच उभं राहत नाही. मग एक मुलगा उभा राहतो. राजा म्हणतो, हात काढ. तो काढत नाही. शेवटी त्याचा दगड होतो, पण हात खांद्यावरच — आणि नगरातली सगळी कपाटं उघडतात. मुलं या जागी रडतात म्हणे. मीही लिहिताना रडलो होतो. का, ते आता कळेल.

आमच्या डोणगावच्या वाचनालयात सभासद व्हायला जुन्या सभासदाची जामीनदार म्हणून सही लागायची. वंदना माझ्या वर्गातली. ती राहायची बुद्धविहारामागच्या गल्लीत, आणि त्या गल्लीत एकही जुना सभासद नव्हता. म्हणजे सही आमच्या गल्लीतूनच मिळायला हवी होती. ती चार घरी जाऊन आली. कुणी नाही म्हटलं नाही — ‘पाहू’ म्हटलं. माझं कार्ड जुनं होतं, मी सही केली. मोठ्या झोकात केली, खाली रेघ ओढून. आपण फार उदार आहोत असं मला आठवडाभर वाटत राहिलं.

तिला कपाटातली जाड जाड अभ्यासाची पुस्तकं हवी होती. मास्तरीण व्हायचं होतं, आणि ती पुस्तकं विकत घेणं तिच्या घरच्यांना जमणारं नव्हतं. पण एकदा तिनं एक राक्षस-जादूगारांची कादंबरी नेली, आणि मी तिच्यामागं लागलो. माझ्या कार्डावर दुसरं पुस्तक होतं. एका कार्डावर एकच मिळायचं. तिनं दिली. म्हणाली, “दोन दिवसांत आणून दे, माह्या नावावर आहे.”

तेवढ्यात तपासणी आली. साहेब यायच्या आधी सगळी पुस्तकं जमा करून कपाटांना कुलूप लावायची आमच्याकडं पद्धत होती. साहेबांना कपाटं भरलेली दिसली पाहिजेत, वाचणारे दिसले नाहीत तरी चालायचं. वंदनानं पुस्तक मागितलं. माझी चाळीस पानं राहिली होती. ‘उद्या देतो,’ म्हटलं. ती घरी आली तर आई काढून देईल, म्हणून कोठीच्या तळाशी ठेवलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

कोठी रिकामी करून काढता आलं नसतं का? आलं असतं. अर्ध्या तासाचं काम. आईला सांगावं लागलं असतं, एवढंच.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी दोघांना बोलावलं. ते वडिलांचे स्नेही, घरी येणारे-जाणारे. वंदनानं शांतपणे सांगितलं, की पुस्तक याच्याकडं आहे. अध्यक्ष माझ्याकडं वळले, “काऊन बे, तुह्याजवळ आहे?”

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर गहूच होता. आणि आपलं कार्ड जाईल, घरी कळेल — एवढीच धाव माझ्या विचारांची. मी म्हणालो, “नाही. मले नाही देलं.”

जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी — तेव्हा माणसाचा चेहरा होतो ना, तसा वंदनाचा झाला. ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं पडलं असतं.

अध्यक्षांनी तिचा अर्ज काढला, पेन माझ्यापुढं सरकवला. मी माझी सही खोडली. दोन रेघा मारल्या. एक पुरली असती.

तिचं नाव कमी झालं. गावात झालं, की पोरीनं पुस्तक दाबलं. तिच्या धाकट्या भावाचाही अर्ज परत आला. त्या गल्लीसाठी सही करायला मग कुणी धजेना. ती वाचायला मेहकरला जाऊ लागली, एसटीनं. आणि मी? मी मनातल्या मनात तिच्यावर रुसलो होतो — अध्यक्षांपुढं माझं नाव घेतलंच कसं तिनं! घात तिनं केला, माझा. आहे की नाही कमाल?

मग मी गहू संपवायच्या मागं लागलो. भाकर नको, पोळीच दे. अजून एक दे. आई शेजारणींना कौतुकानं सांगे, “पोरगं जेवाले लागलं.” दिवाळीच्या सुमारास कोठीचा तळ लागला. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात पुस्तक जसंच्या तसं. मी पहिलं काय केलं सांगू? ती चाळीस पानं वाचली. तिथंच, जमिनीवर बसून.

परत केलं नाही. केलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. ते अजून माझ्याकडं आहे, कपाटात मागच्या रांगेत, वाचनालयाच्या शिक्क्यासकट.

गेल्या वर्षी चिखलीच्या एका शाळेनं मला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं. कोठीची गोष्ट सांगितली, आई गहू ओतते तिथपर्यंतच, पोरं खदखदली. मग एका मुलीनं विचारलं, “सर, खांद्यावरचा हात न काढणारा तो मुलगा तुम्हीच ना?”

मी नुसता हसलो. लाजल्यासारखा. नाही म्हणायला एक शब्द लागतो. तेव्हा मान वर केली तर मागच्या भिंतीशी शिक्षिकांमध्ये वंदना उभी होती. केस पिकलेले, हातात माझी कादंबरी. ते पुस्तक कुठं होतं हे तिला त्या दिवशी कळलं — आणि तेही विनोद म्हणून, मुलांसोबत.

कार्यक्रमानंतर मुलं सह्यांसाठी रांगेत लागली. शेवटी ती आली.  तिच्या हातातलं पुस्तक घेऊन पहिलं पान उघडलं, पेन टेकवला. तिनं पुस्तक हळूच ओढून घेतलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “तुही सही टिकत नाही.”