थोरल्याने बसायचं, धाकट्याने फिरायचं

१९९६ सालच्या डिसेंबरात, एका रविवारी संध्याकाळी, होसकोट्यात माझे थोरले काका वारले. त्या वेळी त्यांचा वायरलेस सेट चालू होता.

काका आणि माझे वडील, दोघेही परवाना असलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. आम्ही शहरात, मल्लेश्वरमला राहत होतो. काका शहराबाहेर होसकोट्यातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन तिथेच एकटे राहत. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. पुढे रस्ता खोदताना केबल तुटली आणि त्यांचा फोन बंद पडला. तेव्हापासून ते बरे आहेत की नाहीत हे कळायला आमच्याकडे रोज संध्याकाळचं सेटवरचं बोलणं एवढंच साधन होतं.

हवेतली जागा सगळ्यांची असते. एखाद्या चॅनेलवर कोणी बोलत असेल तर आपण दुसरीकडे जायचं. त्यासाठी दोघांनी पाच चॅनेल ठरवून ठेवले होते. पहिला भरलेला असेल तर दुसरा, मग तिसरा, पाचवा झाला की पुन्हा पहिला. रविवारी गर्दी जास्त. मग एकमेकांना शोधायचं कसं, याचा नियम काकांनीच घालून दिला होता: थोरल्याने बसायचं, धाकट्याने फिरायचं. काका मोकळ्या चॅनेलवर एका जागी थांबत. वडील एकेका चॅनेलवर जात, कान देत, एकदा हाक मारत, थोडं थांबत आणि पुढे सरकत. ही लयही काकांनीच शिकवलेली.

शनिवारचं बोलणं मी शेजारी बसून ऐकलं. वडिलांना ताप होता आणि ते खोकत होते.

"खोकला प्रसारित करायचा परवाना नाही तुला," काका म्हणाले.

"स्वल्प ताप आहे अण्णा, एवढंच."

"स्वल्प म्हणे! फुटक्या घागरीसारखा आवाज येतोय."

"तुमच्या छातीचं सांगा."

"छाती सरी आहे, अगदी ठीक. माझ्यापेक्षा डॉक्टरच जास्त घाबरलाय."

"मग इकडे राहायला या."

"तुझ्या गच्चीवर माझा अँटेना उभा करशील? बायकोची वाळवणं काढावी लागतील. विचार तिला आधी."

आई आतून म्हणाली, "अँटेना चालेल म्हणावं. भांडण नको."

काका हसले. त्यांचं हसणं आम्ही ऐकलं ते हे शेवटचं.

रविवारी वडील अंगावर शाल घेऊन सेटसमोर बसले. ताप उतरला नव्हता. पहिल्या चॅनेलवर दोन अनोळखी माणसं हवामानाबद्दल बोलत होती. वडील दुसऱ्यावर गेले, हाक मारली, थांबले. तिसरा. चौथा. पाचवा. काका कुठेच नव्हते. पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हणालो, "मी फिरवतो. तुम्ही पडा जरा."

"अण्णा बसलेत तिकडे. फिरायचं ते मीच."

कितव्या फेरीला ते मी मोजलेलं नाही, पण तिसऱ्या चॅनेलवर जाताच काकांचा आवाज आला. वाक्याचं शेपूटच मिळालं: "...आहेस का रे?" त्याच क्षणी वडिलांना खोकल्याची उबळ आली. मायक्रोफोन त्यांच्या हातात होता. मला परवाना नव्हता आणि आमच्या घरात परवाना नसलेलं कोणी बटण दाबत नसे. उबळ थांबल्यावर वडिलांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

"इथेच थांबू या का?" मी विचारलं.

"इथे असते तर परत बोलले असते. ते जागा सोडत नाहीत. दुसऱ्या चॅनेलवरचा आवाज इथे फुटून आला असेल." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आवाज आला ना? म्हणजे ठीक आहेत."

आवाज आला नाही तर होसकोट्याला निघायचं, असं आमचं ठरलेलं होतं. आवाज आला होता. आम्ही निघालो नाही. वडील आणखी काही फेऱ्या फिरले, मग दमून तिसऱ्यावर येऊन थांबले. आईने पेज आणून ठेवली. तिच्यावर साय धरली. सेटमधून नुसती खरखर येत राहिली.

जेवणाच्या वेळी फोन वाजला. काकांच्या शेजारच्या अक्का नाक्यावरच्या पीसीओवरून बोलत होत्या. त्या कन्नडमधून म्हणाल्या, लवकर या.

आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. अक्कांनी सांगितलं ते असं: संध्याकाळी त्या ताक द्यायला गेल्या तेव्हा काका सेटसमोर बसून छाती चोळत होते. अक्कांनी विचारलं, डॉक्टरला बोलावू का? काका म्हणाले, "धाकट्याला ताप आहे, आज त्याला फिरायला लावत नाही. मीच शोधतो. तो सापडला की त्यालाच यायला सांगतो." त्यानंतर बराच वेळ भिंतीपलीकडून त्यांची हाक ऐकू येत होती. मग नुसती खरखर ऐकू येऊ लागली, तेव्हा त्या पुन्हा गेल्या.

पुढे मी बातमीदार झालो. दशक संपत असताना एका व्याख्यानाची बातमी करायला गेलो होतो. पुढच्या काळातले रेडिओ स्वतःच मोकळा चॅनेल हुडकतील आणि त्यावर एकमेकांना गाठतील, असं एक अभियंता सांगत होता. शेवटी मी प्रश्न विचारला: दोघेही एकाच क्रमाने, एकाच वेगाने फिरले तर?

"तर एकमेकांच्या मागे फिरत राहतील," तो म्हणाला. "म्हणून एकाने तरी थांबावं लागतं."

सभागृहात काही जण हसले. मी उत्तर लिहून घेतलं. छापून आलेल्या बातमीत ते नव्हतं.

त्या रात्री काकांच्या खोलीत मी त्यांच्या सेटकडे पाहिलं होतं. वडील निघताना आमचा सेट बंद करायला विसरले होते. तो तिसऱ्या चॅनेलवर होता. काकांचा दुसऱ्यावर होता, एकच मागे.