त्या शुक्रवारी मी मागे नव्हतो

भिवंडीत लूमना, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी असते. आठवड्याचे सहा दिवस इथे बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि शुक्रवारी सकाळी गल्लीतून जाताना स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. माझ्या मित्राचे आठ लूम होते. त्यामुळे त्याला मोकळा वेळ मिळायचा तो शुक्रवारीच, तोही उजाडल्यापासून जुम्म्याच्या नमाजापर्यंत. मी वडप्याला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला सुपरवायझर, माझी सुट्टी रविवारी. दोघांकडे मोटारसायकल होती, दोघांना भटकायची हौस होती, आणि शाळा सुटल्यापासून वीस-बावीस वर्षं आम्ही एकमेकांना नुसतं ‘जाऊ एकदा’ एवढंच म्हणत होतो.

शेवटी मीच मॅनेजरशी भांडून माझी सुट्टी शुक्रवारी करून घेतली. भांडणं मला जमतात.

तो आता नाही. त्या सकाळी त्याला एकट्याला मी जायला लावलं, आणि ही गोष्ट मी त्याच्या बायकोपासून सव्वा वर्ष लपवून ठेवली. हे आधीच लिहून टाकतो. शेवटपर्यंत झाकून ठेवून मग हळूच पदर बाजूला करणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

त्याला मी ‘शेठ’ म्हणायचो. आठ लूमचा मालक म्हणजे भिवंडीत कसला शेठ. कारागीर गावी गेला की हा स्वतःच बनियनवर मशीनपाशी उभा. त्याचे वडील तेच करत, आजोबाही तेच. आणि तिघांचेही कान त्याच मशीनने खाल्ले. चाळिशी यायच्या आत त्याला उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्याने थोडंफार. पण हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण लूमवर वाढलेली माणसं कानांनी बोलतच नाहीत. खडखडाटात आवाज फुकट घालवायचा कशाला? ओठ हलवायचे, हात हलवायचे, समोरच्याला कळतं. पंजा उघडला की थांब, मूठ फिरवली की चालू दे. शेठ माझ्या ओठांकडे बघून माझ्या शिव्यासुद्धा बरोबर ओळखायचा.

गाडी चालवायची तर अंगावर नीट सामान हवं, हा माझा हट्ट. गोडाऊनच्या दारातून रोज शंभर गाड्या सुटताना बघतो मी. ड्रायव्हर लोक डुलक्या काढत कसे जातात तेही बघतो. त्यामुळे हेल्मेट या विषयावर कुणी मला नुसतं छेडलं तरी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. रस्त्याकडेला दोरीला टांगलेली ती चकचकीत टोपी घ्यायची नाही. घालून दुकानातच पंधरा मिनिटं बसायचं. गाल दाबले गेले पाहिजेत, डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. पट्टा ओढून मागून वर लोटून बघायचं, निघालं तर परत ठेवायचं. जॅकेटचं कोपराचं पॅड हात वाकवल्यावर कोपरावरच राहायला हवं, दंडावर सरकलं तर ते शोभेचं. हातमोज्याच्या तळव्याला जाड थर हवा, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. बूट घोट्याच्या वर. हे सगळं मी पाठ म्हणायचो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कंटाळला की मला आणखी चेव चढायचा.

शेठकडे अर्धं हेल्मेट होतं, कानाच्या वरपर्यंतचं. मी त्याला ठाण्याला एका चांगल्या दुकानात घेऊन गेलो आणि पूर्ण तोंड झाकणारं घ्यायला लावलं. त्याने घातलं, आरशात बघितलं, काच वर केली आणि म्हणाला, “यार, याच्यात मला काहीच ऐकायला येत नाय.”

मी म्हणालो, “तसंही तुला काय ऐकू येतं?”

तो हसला. दुकानदारही हसला. मी सांगितलं ते हेल्मेट पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं. आजही कुणी विचारलं तर तेच सांगावं लागेल. फक्त पुस्तक लिहिणाऱ्याने लूमवर कान गेलेला माणूस धरलेला नसतो, आणि मी धरायला हवा होता. मी त्याला ओळखत होतो.

त्याची बायको, म्हणजे भाभी, माझ्यापेक्षा शहाण्या. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला दारात थांबवून विचारलं की यांना मागून गाडी आलेली कळणार कशी. मी म्हणालो, मी मागे असतो. आणि खरंच तशी पद्धत पडली. शेठ पुढे, मी मागे, उजव्या बाजूला थोडा. मागून ट्रक किंवा डंपर आला की मी हॉर्न देत नसे, त्याचा उपयोगच नव्हता. मी पुढे जाऊन त्याच्या बाजूला यायचो आणि डाव्या हाताने खूण करायचो, बाजूला घे. तो घ्यायचा. गाडी गेली की मूठ फिरवायची, चालू दे. लूमवरचीच भाषा, फक्त रस्त्यावर. भाभींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की भाऊ मागे नसेल तर गाडी काढायची नाही. मला त्या भाऊ म्हणत.

सकाळी सहाला तो भिवंडीबाहेर शेलारच्या नाक्यावर यायचा, मी रस्त्यावर उभाच असायचो. तिथून वाडा रोडने अंबाडी, कधी त्याच्याही पुढे, कुठेतरी चहा, आणि अकराच्या आत परत, म्हणजे त्याला आंघोळ करून नमाजाला जाता येई. रस्ता कसा आहे ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. खड्डे चुकवण्यातच निम्मं लक्ष. तरी त्या चार-पाच तासांत हा माणूस वेगळाच दिसायचा. चहाच्या टपरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचा आणि समोरच्या डोंगराकडे नुसता बघत राहायचा. एकदा म्हणाला, इथे सगळ्यांनाच कमी ऐकू येत असेल असं वाटतं, इतकं शांत आहे. मला त्याचं वाईट वाटलं.

असे अकरा-बारा शुक्रवार मिळाले असतील. मग एक शुक्रवार त्याच्याकडच्या लग्नात गेला, एक सुताची गाडी उशिरा आली म्हणून, एक माझ्या आईच्या दवाखान्यात. चौथ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मॅनेजरने सांगितलं की ऑनलाइन कंपन्यांचा सेल लागलाय, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. मी वाद घातला, यावेळी हरलो. तसाच भणभणत बाहेर ट्रकांच्या मधे येऊन शेठला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, “मग राहू दे ना. पुढच्या शुक्रवारी जाऊ.”

याच वाक्याने माझं डोकं फिरलं. खरं तर राग मॅनेजरचा होता. मी ओरडून, त्याला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणालो, असं राहू दे, राहू दे म्हणत तू मरशील एक दिवस लूमच्या धुळीत. एवढं सामान घेतलंय ते काय खुंटीला टांगायला? एकटा जा. आरशात बघत चालव, लहान आहेस का?

तो म्हणाला की घरी कबूल केलंय.

“सांग, मी शेलारला उभा आहे म्हणून,” मी म्हणालो. “येऊन बघणार आहेत का त्या?”

त्यावर तो ‘बरं’ म्हणाला. त्याच्या ‘बरं’मध्ये खुशी होती, हेही मला कळलं.

शुक्रवारी साडेआठला मी बारकोडचं मशीन हातात घेऊन उभा असताना फोन आला. अंबाडीच्या अलीकडे खड्डा चुकवायला तो उजवीकडे आला आणि मागून येणाऱ्या डंपरने त्याला घेतलं. डंपरवाला पळाला नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून येणाऱ्या प्रत्येकाला तो हिंदीत तेच सांगत होता, की मी हॉर्न वाजवत होतो, किती वेळ वाजवत होतो, हा बाजूला होईच ना. जमलेल्या लोकांनी त्याला मारलं. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. मला ठाऊक होतं की तो खरं बोलतोय, आणि मी तेही कुणाला सांगितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, डोक्याला काही झालेलं नाही, हेल्मेट उत्तम होतं. बाकी छाती, पोट, काही राहिलं नव्हतं. जॅकेट कापून काढलेलं एका पिशवीत दिलं. कोपराची पॅडं जागच्या जागी होती. मी ती पिशवी घेऊन कितीतरी वेळ पायऱ्यांवर बसलो होतो आणि मला रडूही येत नव्हतं. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती.

दफन झाल्यावर चार-पाच दिवसांनी घरी गेलो. भाभी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळायच्या एकांतात, त्यामुळे समोर आल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई, म्हणजे शेठची अम्मी, माझ्याजवळ बसल्या होत्या, आणि आतल्या खोलीच्या पडद्यामागून भाभींचा आवाज आला. आवाज अगदी साधा होता.

“भाऊ, ते एकटे कसे गेले? तुम्हाला काय बोलले होते का?”

मला चेहरा दिसत नव्हता. दिसला असता तर, असं मी पुष्कळदा मनात घोळवलंय, पण ते उगाच. मी तयारीनेच गेलो होतो. म्हणालो, “नाही भाभी. मी ड्युटीवर होतो. मला काही माहीत नाही.”

सासूबाई म्हणाल्या, जिद्दी होता माझा पोरगा, कुणाचं ऐकायचा नाही. मी मान हलवली. शेठ जिद्दी मुळीच नव्हता. कुणीही काही सांगितलं तर ‘बरं’ म्हणणारा माणूस. पण त्या दिवसापासून गल्लीत तेच ठरलं, की बायकोला दिलेला शब्द मोडून गेला. मशिदीबाहेर, चहावाल्याकडे, लोक हळहळत आणि शेवटी त्याच्याच माथी मारत. मी तिथे उभा असलो तरी गप्प. मेलेल्या माणसाला एवढ्याने काय होणार आहे, असं मी स्वतःला समजवायचो.

ईदला जायचो, भाभी चहा पाठवायच्या. लूम त्यांनी भाड्याने चालवायला दिले होते. इद्दत संपल्यावर समोरही येत, तब्येत विचारत, माझ्या आईची चौकशी करत. त्या दिवसाबद्दल परत एका शब्दाने काही विचारलं नाही. त्या विसरल्या असं मी धरून चाललो, कारण मला ते सोयीचं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर पॅकिंगमधल्या एका ताईंनी स्कूटर घेतली आणि मधल्या सुट्टीत मला विचारायला आल्या, हेल्मेट कसलं घेऊ, तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही, दुसऱ्या कुणाला विचारा. त्या जरा चमकल्या आणि निघून गेल्या. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही, जेवणही जाईना. माझी सुट्टी पुन्हा रविवारवर गेली होती, म्हणून शुक्रवारी रजा टाकली आणि भाभींकडे गेलो.

भाभी दाराबाहेरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सासूबाई आत झोपलेल्या. गल्लीत शुक्रवारची शांतता. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. सुट्टी रद्द झाल्याचा राग, मी त्याला काय काय बोललो ते, आणि खोटं सांगून निघ असं मीच शिकवलं ते. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला हाकलून देतील. दोन्हीची तयारी होती माझी.

त्यांचे हात थांबले, एवढंच. सुपाकडेच बघत म्हणाल्या, “त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, भाऊ. नायतर त्यांना ऐकायला कसं येणार? जेवायला घरी आले होते, मी आतल्या खोलीत भाजी चिरत होते, सगळं ऐकलं.”

त्यांनी सुपातले तांदूळ बोटांनी एका बाजूला सारले.

“सकाळी म्हणाले, भाऊ शेलारला उभा हाय. मला ठाऊक होतं, खोटं बोलतायत. खुश दिसले. वाटलं, जाऊ दे एक दिवस. मीच बूट आणून दिले.” त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. “ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाय. अम्मीला पन नाय. तुम्हाला विचारलं ते त्याच्यासाठी विचारलं. तुम्ही बोलला असता तर मी पन बोलले असते. दोघं तरी झालो असतो. तुम्ही म्हणालात, माहीत नाय. मग मी एकटीच राहिले.”

मी त्यांच्यासमोर ओट्याखाली बसलो. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडायला लागल्या.