बोटीतला कूलर

केबिनच्या भिंतीचं प्लायवूड उचकटलं, तर मागे भरलेली ग्लासवूल, काचतंतूंची कापसासारखी भर, ओल्या गादीसारखी माझ्या हातावर आली. तिच्यावर काळे ठिपके होते. वास भिजून राहिलेल्या सतरंजीचा.

"नवीनच हाय सायेब," बोटीचे मालक वसंतभाऊ म्हणाले. "दिवाळीत भरली."

भाऊ अमरावतीकडचे संत्रा बागायतदार. धरणाच्या पाण्यावर त्यांनी एक जुनी लोखंडी बोट घेतली आणि आत झोपायची खोली केली. मी अकोल्यात कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना इन्सुलेशन करतो. बोटीचं काम पहिलंच. रविवारी पुण्याचे पाहुणे भाऊंच्या मुलीला बघायला येणार होते, मुक्काम बोटीवर. मुलाच्या आईला दमा होता.

"पोराले आमची पोरगी पसंत हाय," भाऊ म्हणाले. "पन त्याच्या मायले इथं खोकला आला, का सोयरीक गेली समजा."

बुरशीला फार काही लागत नाही. ओल आणि कोंडलेली हवा. रात्री लोखंडी पत्रा थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटतं, थंड तांब्याला बाहेरून सुटतं तसं. ते पाणी ग्लासवूल पीत होती. पण मे महिन्यात, ओठ फुटतात अशा दिवसांत, एवढी दमट हवा कुठून आली ते मला कळेना.

मग पलंगामागे कूलर दिसला. खिडक्या डासांमुळे कायमच्या बंद.

"भाऊ, बंद खोलीत कूलर म्हणजे रोज पाणी शिंपडणं. हा काढा."

"मे मयन्यात कूलर काढू? पाहुने भाजून निघतीन ना!"

"दमा की कूलर, ते ठरवा."

त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "शिकल्या मानसाले बोलावलं, अन् अक्कल आपलीच लावून राह्यले?"

कूलर निघाला. ग्लासवूल गेली. पत्रा धुऊन सुकवला. त्यावर नायट्राइल फोम चिकटवला. तो रबरासारखा असतो, पाणी पीत नाही. कुठे फट ठेवली नाही, कारण फटीत हवा शिरते आणि तिथेच पुन्हा पाणी सुटतं. खिडक्यांना जाळ्या लावल्या, छतात हवा बाहेर ओढणारा पंखा. फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास शनिवारी गेला.

रविवारी मी थांबायची गरज नव्हती. थांबलो. जेवणानंतर मुलाची आई केबिनमध्ये आडवी झाली. दार ओढून घेतलं.

दम्याचा खोकला येण्याआधी श्वासाला बारीक शिट्टी लागते. माझ्या पत्नीला दमा होता. मागच्या हिवाळ्यात ती गेली. ती शिट्टी मला पूर्वी भिंतीपलीकडूनही ऐकू यायची, पण इथे माझंच इन्सुलेशन आड येत होतं. म्हणून खिडकीच्या जाळीखाली पुस्तक उघडून बसलो. पान उलटलं नाही.

"काय आयकू येऊन राह्यलं?" भाऊ कुजबुजले.

"काही नाही."

"काही नाही म्हंजे?"

"म्हणजे चांगलं आहे."

ऊन कललं तेव्हा दार उघडलं. बाई केस सावरत बाहेर आल्या. "अहो, मला कुणी उठवलंच नाही! चहा झाला का सगळ्यांचा?"

चहा करायला भाऊ स्वतः धावले. त्यांना शेगडी पेटवता येत नव्हती.

सोयरीक जमली. रात्री मात्र सगळे पाहुणे गाद्या घेऊन बोटीच्या छतावर झोपले. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात आत कोण झोपतं?

चांगल्या इन्सुलेशनची खूण एवढीच, की आत काही घडत नाही. ते दाखवता येत नाही. बाहेर बसून ऐकावं लागतं.